ट्रँगलमध्ये घर घेताय? मग आधी होम इन्स्पेक्टर गाठा (आमचा अनुभव, पाचपैकी साडेचार)

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले, केरी, ॲपेक्स, मॉरिसव्हिल या पट्ट्यात (यालाच ट्रँगल म्हणतात) घर घेण्याच्या खटपटीत आम्ही बऱ्याच लोकांना पैसे दिले. एजंट, कर्ज देणारी कंपनी, वकील, सर्व्हेअर, विमा. त्या सगळ्यांत ज्याच्या पैशांचं मला एकदाही वाईट वाटलं नाही तो म्हणजे आमचा होम इन्स्पेक्टर, घेण्याआधी घर तपासून देणारा माणूस. त्याचं नाव इथे देत नाही, कारण तो एकटा काम करणारा साधा माणूस आहे आणि मला त्याची जाहिरात करायची नाही. सांगायचंय ते या सेवेबद्दल. आपली मंडळी शाळेचं रेटिंग, देवळाचं अंतर, आरटीपीला (रिसर्च ट्रँगल पार्क, इथलं कंपन्यांचं मोठं आवार) जायला किती मिनिटं, हे सगळं बारकाईने बघतात. घराखाली काय आहे हे मात्र फार थोडे बघतात. आणि नॉर्थ कॅरोलिनात हे बघण्यासाठी जी मुदत मिळते तिचे पैसे आधीच मोजलेले असतात.

न्यू जर्सीहून किंवा कॅलिफोर्नियाहून आलेल्यांना हे चटकन लक्षात येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. २०११ पासून इथल्या घरखरेदीच्या छापील करारात ‘ड्यू डिलिजन्स’ची, म्हणजे घर नीट तपासून घेण्याची, मुदत असते. ऑफर मान्य झाली की घेणाऱ्याने विकणाऱ्याला थेट एक रक्कम द्यायची, ती ड्यू डिलिजन्स फी. किती द्यायची ते दोघांनी ठरवायचं. शिवाय ‘अर्नेस्ट मनी’, म्हणजे सौद्याची अनामत, वेगळी, ती तिसऱ्याच्या ट्रस्ट खात्यात राहते. मुदतीच्या आत कुठल्याही कारणाने, किंवा काहीच कारण न देता, तुम्ही माघार घेऊ शकता. अर्नेस्ट मनी परत येते. ड्यू डिलिजन्स फी येत नाही. विकणाऱ्यानेच करार मोडला तर गोष्ट वेगळी. सौदा पूर्ण झाला तर ती फी किमतीतून वजा होते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजले की मुदत संपली, पाच मिनिटं उशीर झाला तरी चालत नाही.

म्हणजे घर आतून-बाहेरून तपासण्याआधीच काही हजार डॉलर विकणाऱ्याच्या खिशात गेलेले असतात. २०२१-२२ च्या चढाओढीत लोक इथे पाच आकडी फी देत होते. आता तेवढा जोर नाही, पण चांगल्या घराला आजही बरी फी द्यावीच लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे विकणाऱ्याने भरायचा माहितीचा फॉर्म. छत गळतं का, पाया खचलाय का, पाइप कसले आहेत, असे प्रश्न त्यात असतात. ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला तिसरा पर्यायही आहे, ‘नो रिप्रेझेंटेशन’. म्हणजे मी काहीच सांगत नाही. कायद्याने ते चालतं. एजंटला माहीत असलेली मोठी खोट त्याला सांगावीच लागते, पण त्याला माहीतच नसेल तर काय सांगणार? आम्ही ज्या पहिल्या घरासाठी फी भरली त्याच्या फॉर्मवर वरपासून खालपर्यंत तिसऱ्या रकान्यातच खुणा होत्या. घर वारशाने आलेलं होतं, मालक दुसऱ्या राज्यात राहत होते. त्यांना खरंच ठाऊक नसेलही. पण मग ते शोधून काढणारं आपल्या बाजूचं कोणी तरी हवंच.

ते घर नॉर्थ रॅलेत होतं, १९८७ चं. मोठमोठी ओक झाडं, अर्धा एकर जागा, स्वयंपाकघर नवं केलेलं, पांढरा क्वार्ट्झचा ओटा. मला ते मनापासून आवडलं होतं. बाबा तेव्हा सांगलीहून आलेले होते. पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. ते ओट्याकडे बघेनात, मागच्या बाजूला जाऊन विटांच्या जोत्यातल्या जेमतेम तीन फुटी दाराशी उभे राहिले. “यातून आत कोण जातं गं?” त्यांनी विचारलं.

त्यातून इन्स्पेक्टर जातो. इथल्या जुन्या घरांना तळघर सहसा नसतं. जमीन आणि घराची फरशी यांच्यात दोन-चार फुटांची मोकळी जागा असते, तिला क्रॉलस्पेस म्हणतात. पाण्याचे पाइप, एसीच्या नळ्या, फरशी तोलून धरणाऱ्या लाकडी तुळया, सगळं तिथेच. आमच्या माणसाने पांढरा कव्हरऑल चढवला, गुडघ्यांना पॅड बांधले, डोक्याला दिवा लावला आणि तो आत सरपटत गेला. बराच वेळ फक्त आवाज येत होता. मधेच कशावर तरी ठोकल्याचा, मधेच प्लास्टिक सरकल्याचा.

बाहेर आल्यावर त्याने फोनवर एकेक फोटो दाखवला आणि प्रत्येक फोटोत आधी घराच्या कुठल्या खोलीखाली आहोत ते सांगितलं. मला ही पद्धत फार आवडली. मागच्या बाथरूमच्या खाली तुळईत ओलावा मोजायच्या यंत्राचे दोन खिळे रुतवलेले, पडद्यावर आकडा २४. कोरड्या लाकडात हा आकडा पंधराच्या आसपास किंवा खाली असावा, वीसच्या वर सतत राहिला की लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं, असं त्याने सांगितलं. पुढच्या फोटोत त्याच तुळईच्या खालच्या कडेला प्लंबरने टबचा पाइप नेण्यासाठी खाच पाडलेली. तुळईच्या उंचीच्या जवळजवळ एक तृतीयांश. बाबांनी फोन हातात घेतला, फोटो मोठा केला आणि मराठीतच म्हणाले, “ताणाची बाजू कापलीय.” मी भाषांतर करून सांगितलं. इन्स्पेक्टरने बाबांकडे बघून मान डोलावली आणि त्यानंतरचा प्रत्येक फोटो तो आधी त्यांना दाखवू लागला.

तुळयांमधलं फायबरग्लासचं इन्सुलेशन ओलं होऊन लोंबत होतं. जमिनीवर अंथरलेलं प्लास्टिक अर्ध्या भागात नव्हतंच. इथल्या उन्हाळ्यात बाहेरची दमट हवा जोत्याच्या जाळ्यांमधून आत येते, एसीच्या थंड नळ्यांना लागते आणि पाणी ठिबकत राहतं. शिवाय माती लाल चिकण, पाणी लवकर मुरत नाही. जमिनीचा उतार घराकडे असेल तर पावसाचं पाणी पायाशीच थांबतं. त्या घरामागे उतार घराकडेच होता.

आणि पाइप. राखाडी, जरा लवचिक, अंगावर ‘पीबी २११०’ असा शिक्का. हे पॉलिब्युटिलिन. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून १९९५ च्या सुमारापर्यंत या भागात बांधलेल्या कितीतरी घरांत ते बसवलेले आहेत. पाण्यातल्या क्लोरीनने ते आतून ठिसूळ होतात आणि वरून काहीच दिसत नाही. कित्येक विमा कंपन्या अशा घराचा विमा उतरवायलाच तयार नसतात. नव्या ओट्याखालच्या कपाटात चकचकीत नवे नळ होते, भिंतीत जाणारे पाइप मात्र जुनेच.

आम्ही ते घर सोडलं. फी गेली. पाइप बदलणं, तुळयांना जोड देणं, क्रॉलस्पेस बंदिस्त करून आत डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) बसवणं, मागची जमीन खणून उतार फिरवणं, या सगळ्याचे अंदाज घेतले तेव्हा बेरीज फीच्या कितीतरी पट झाली आणि विकणारे किंमत कमी करायला तयार नव्हते. त्यांच्याकडे दुसरी ऑफर होती. निर्णय घेताना हाताशी फोटो होते, आकडे होते, त्यामुळे आम्हा दोघांत त्यावरून एकदाही वाद झाला नाही.

या माणसाकडून मी शिकलेली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे इथली वस्ती दशकाने ओळखायची. कुठल्या काळात बांधली, त्यावरून काय निघणार याचा बराचसा अंदाज येतो.

बेल्टलाइनच्या आत, म्हणजे आय-४४० च्या वर्तुळात, फाइव्ह पॉइंट्स किंवा ओकवुडसारख्या भागांत घरं शंभर वर्षांची किंवा त्याहूनही जुनी असू शकतात. चालत जाता येईल अशी दुकानं, मोठी झाडं, घराला स्वतःचा चेहरा. तिथे गटाराच्या जुन्या पाइपात कॅमेरा घालून बघायचा, विजेचं वायरिंग कुठल्या काळाचं आहे ते विचारायचं आणि १९७८ च्या आधीचं घर असेल तर शिसं असलेला रंग गृहीत धरायचा. ओकवुड ऐतिहासिक वस्ती असल्यामुळे बाहेरून काही बदलायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते. लहान मुलं आहेत आणि वीकेंडला हातोडा घेऊन बसायची हौस नाही, अशांना मी तो भाग सुचवणार नाही.

नॉर्थ रॅले, आणि केरी गावाचा मध्यभाग (किल्डेअर फार्म्स, लॉकमिअर वगैरे), मुख्यतः १९७० ते ९० मधला. जागा मोठी, रस्ते सावलीचे, तळी, पायवाटा. पैशांच्या मानाने घर सगळ्यात मोठं इथे मिळतं आणि माझं मन अजूनही याच भागात आहे. पण क्रॉलस्पेस, राखाडी पाइप आणि लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची साइडिंग (बाहेरच्या भिंतींवरचं आवरण), ही तीन दुखणी इथलीच. साइडिंगची खालची कड अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागली किंवा फुगलेली दिसली तर आत पाणी गेलंय. छतावर झुकलेली झाडंही मोजा. १९९६ मध्ये फ्रॅन चक्रीवादळाने रॅलेत किती झाडं घरांवर पाडली त्याच्या गोष्टी जुने शेजारी अजून सांगतात.

पश्चिम केरी आणि मॉरिसव्हिल म्हणजे आपल्या लोकांचा गड. श्री वेंकटेश्वर मंदिर, हिंदू सोसायटीचं मंदिर, किराणा, डोसे, क्रिकेटचं मैदान, सगळं हाताशी. घरं बहुतेक १९९० च्या पुढची, त्यामुळे पाइपची चिंता कमी. पण इथली जमीन वेगळी आहे. हा पट्टा ट्रायासिक खोऱ्यात, म्हणजे अतिप्राचीन काळी गाळाने भरलेल्या खोलगट भागात येतो. तिथली चिकणमाती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते आणि पाणी धरून ठेवते. इन्स्पेक्टर अशा घरात विटांच्या भिंतीतल्या जिन्यासारख्या तिरक्या भेगा आणि दारांच्या चौकटी बघत फिरतो. मॉरिसव्हिलमध्ये घर बघायला दोन वेगवेगळ्या वेळी जा आणि अंगणात उभं राहून विमानं किती खाली येतात ते ऐका. विमानतळ शेजारीच आहे.

उलट पूर्वेकडे, रोल्सव्हिल, वेक फॉरेस्टच्या बाजूला, खाली ग्रॅनाइट आहे. तिथे रेडॉनची चाचणी अजिबात टाळू नका. हा वायू खडकातून येतो, त्याला वास नाही, रंग नाही आणि फुप्फुसांच्या कर्करोगाचं तो एक मोठं कारण आहे. यंत्र दोन दिवस घरात ठेवतात. लिटरला ४ पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त निघालं तर पंखा आणि पाइप बसवून तो वायू बाहेर काढायचा, हे काम अवघड नसतं. घराला स्वतःची विहीर असेल तर पाणीही तपासून घ्या, कारण त्याच ग्रॅनाइटमुळे काही खासगी विहिरींत युरेनियम आढळलं आहे.

होली स्प्रिंग्ज, फ्युक्वे-व्हरिना, वेंडेल इथे सगळीकडे नवं बांधकाम. टोलचा ५४० हा रस्ता २०२४ मध्ये होली स्प्रिंग्जपासून गार्नरजवळच्या आय-४० पर्यंत खुला झाला आणि होली स्प्रिंग्ज, फ्युक्वे-व्हरिना एकदम जवळ आल्यासारखे झाले. “नवं घर, त्याला कशाला इन्स्पेक्शन?” असं मला मंडळाच्या कार्यक्रमात कितीतरी जणांनी विचारलंय. उत्तर असं, की नव्या घराला तर दोनदा करा. एकदा भिंतींना ड्रायवॉल (जिप्समचे पातळ तक्ते) लागायच्या आधी, तुळया, वायरी, पाइप उघडे असताना. आणि पुन्हा अकराव्या महिन्यात, बिल्डरची एक वर्षाची हमी संपायच्या आधी. टाऊनचा इन्स्पेक्टर येतो ते खरं, पण तो नियमाचा किमान दर्जा बघतो आणि त्याच्याकडे दिवसाला बरीच घरं असतात. शिवाय बिल्डरचा करार त्याच्या स्वतःच्या वकिलाने लिहिलेला असतो, वर सांगितलेली ड्यू डिलिजन्सची सोय त्यात असेलच असं नाही. डिपॉझिट भरायच्या आधी त्यात इन्स्पेक्शनचा हक्क लिहिलाय का ते वाचा.

आम्ही शेवटी ॲपेक्समध्ये १९९८ चं घर घेतलं. तोच इन्स्पेक्टर, तोच पांढरा कव्हरऑल. या वेळी क्रॉलस्पेसमधून तो लवकर बाहेर आला, कव्हरऑल जवळजवळ स्वच्छ होता. ओलाव्याचा आकडा १३. मात्र मागच्या डेकपाशी (घराला लागून असलेल्या लाकडी मचाणापाशी) तो बराच वेळ बसून राहिला. डेकची जी फळी घराला जोडलेली असते ती नुसत्या खिळ्यांवर होती, बोल्ट एकही नव्हता आणि मागे पाणी अडवणारा पत्राही नव्हता. वरच्या मजल्याचा एसी २००६ चा. हे सगळं आम्ही विकणाऱ्यांपुढे ठेवलं. त्यांनी डेक दुरुस्त करून दिला आणि एसीसाठी क्लोजिंगच्या वेळी, म्हणजे घर नावावर होताना, काही रक्कम सोडली. मागण्या मोजक्या आणि फोटोसकट होत्या म्हणून त्या मान्य झाल्या असं मला वाटतं. अहवालातल्या सगळ्या साठ-सत्तर बाबींची यादी पाठवणारे लोक मी पाहिलेत. समोरचा वैतागतो आणि महत्त्वाच्या दोन गोष्टीही हातच्या जातात.

आता सेवेतलं उणं. दुरुस्तीला किती खर्च येईल हे इन्स्पेक्टर सांगत नाही. ते त्याचं कामही नाही, पण मुदतीचं घड्याळ चालू असताना प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा माणूस बोलवून अंदाज घ्यायचा म्हणजे धावपळ होते. वाळवीचा अहवाल वेगळ्या परवान्याच्या माणसाकडून घ्यावा लागतो. रेडॉन, गटाराचा कॅमेरा, सेप्टिक टाकी, सगळ्याचे पैसे वेगळे. त्याचा अहवाल लांबलचक होता आणि पहिली काही पानं सगळ्या घरांना तीच असावीत अशी. सुदैवाने इथल्या नियमाप्रमाणे त्यात सारांश असतो, खरं ते तिथे सापडतं. छतावर तो चढला नाही, काठीला लावलेल्या कॅमेऱ्याने बघितलं. उतार फार असेल तर ते ठीक, पण आमचं छत तसं नव्हतं. अर्धा गुण मी यासाठीच कापलाय.

इन्स्पेक्टर निवडताना काय करावं? एजंट तीन नावांची यादी देतो. ती घ्या, पण तिथेच थांबू नका. आमच्या एजंटबाई चांगल्या होत्या, तरी सौदा झाला की त्यांना पैसे मिळतात आणि मोडला की नाही, हे गणित आपण विसरू नये. राज्याच्या परवाना मंडळाच्या संकेतस्थळावर परवाना चालू आहे का ते बघता येतं. फोनवर दोन गोष्टी विचारा: क्रॉलस्पेसच्या पार टोकापर्यंत तुम्ही स्वतः जाता का, आणि मी पूर्ण वेळ बरोबर राहिले तर चालेल का. दुसऱ्या प्रश्नाला जो “शेवटच्या अर्ध्या तासाला या” म्हणतो त्याला मी नेमणार नाही. आमच्या माणसाला तीन-चार तास लागले आणि त्यातला निम्मा वेळ तो आम्हाला शिकवत होता: पाण्याचा मुख्य नळ कुठे बंद करायचा, एसीचा फिल्टर कुठे असतो, पन्हाळ कधी साफ करायचे.

शाळेचं एक सांगून ठेवते, कारण ते इन्स्पेक्टरच्या हातात नाही आणि आपल्याकडे घर त्यावरूनच ठरतं. वेक काउंटीत शाळा पत्त्यावरून मिळते, पण गर्दी झालेल्या शाळेवर मर्यादा घातलेली असेल तर नव्याने आलेल्या मुलाला दुसरीकडे पाठवतात. एजंटच्या जाहिरातीत लिहिलेल्या शाळेवर विसंबू नका, ऑफर टाकायच्या आधी शाळा खात्याच्या संकेतस्थळावर तोच पत्ता घालून बघा. वर्षभर चालणाऱ्या शाळा, नऊ आठवडे वर्ग आणि तीन आठवडे सुट्टी अशा, इथे बऱ्याच आहेत. दोन मुलं दोन वेगळ्या वेळापत्रकांवर आली तर भारतात जायची तिकिटं काढताना जीव मेटाकुटीला येतो.

करही तसाच. काउंटीने २०२० आणि पुन्हा २०२४ मध्ये सगळ्या घरांची किंमत नव्याने ठरवली. जाहिरातीत मागच्या वर्षीचा कर दिलेला असतो. काउंटीचा दर आणि त्यावर टाऊनचा दर लावून स्वतः हिशोब करा. काउंटीच्या संकेतस्थळावर प्रत्येक घराचा हिशोब उघड असतो.

वसंतात, मार्च ते जूनमध्ये, चांगले इन्स्पेक्टर आठवडा-दीड आठवडा मिळत नाहीत आणि मुदत तर दोन-तीन आठवड्यांचीच असते. म्हणून घर पसंत पडायच्या आधीच दोघांशी बोलून ठेवा आणि ऑफर टाकली त्याच संध्याकाळी तारीख मागा. ऑफर फिसकटली तर बहुतेक जण काही न आकारता तारीख सोडतात. आमच्या माणसाने तरी सोडली होती.